गवत उतलं

हा लेख खाजेविषयी आहे. हसायचं असेल तर आधी हसून घ्या. लढायांना इतिहास असतो, राजांना असतो, खाजेला कुठला आलाय इतिहास, हे शाळेत न सांगताच आपल्याला शिकवलेलं असतं. पण ज्यांच्या अंगाला ती सुटली त्यांच्या हातात लेखणी नव्हती, खुरपं होतं. म्हणून तो लिहायचा राहून गेला. त्यातला थोडा इथं लिहितो.

१९७३ चा पावसाळा सरत आला होता. मी तेव्हा दहा वर्षांचा. आमचं गाव पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यातलं. आदल्या साली, ७२ च्या दुष्काळात, माझी आत्या रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. सुकडीवर आणि मिलोच्या लाल भाकरीवर आमचं घर तगलं. मग पाऊस झाला आणि ती परत खुरपायला जाऊ लागली. महिन्याभरात तिच्या पापण्या सुजल्या. मग मान, मग कानाच्या पाळ्या, मग कोपराच्या लवणी. आधी लाल व्हायचं, मग पाणी सुटायचं, मग खपल्या धरायच्या, आणि शेवटी कातडं काळं पडून जाड झालं. रात्री ती कुडाला पाठ घासायची. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

चेहरा जाड झाला, कानाच्या पाळ्या जाड झाल्या की खेड्यात एकच नाव निघतं. महारोग. ज्याच्या रानात ती खुरपायची त्यानं तिची मजुरी बांधावर दगडाखाली ठेवायला सुरुवात केली. त्यात आम्हाला नवीन काही वाटलं नाही. आमची मजुरी आधीही वरूनच पडायची. नवीन झालं ते आमच्या वस्तीत. आत्याची ताटली वेगळी झाली. तांब्या वेगळा झाला. हंड्यातलं पाणी तिला दुसरी बाई वरून ओतू लागली. महाडच्या तळ्याची गाणी म्हणणारी आमची वस्ती. तिनंच हे केलं. लिहायला लाज वाटते. पण हे गाळून बाकीचं लिहिलं तर तो इतिहास खोटा होईल.

पुढं कळलं की या रोगाला डॉक्टरी मराठीत संपर्कजन्य त्वचादाह म्हणतात. म्हणजे स्पर्शानं होणारा दाह. शब्द ऐकूनच आपल्या माणसाच्या अंगावर काटा येतो. पण हा स्पर्श माणसाचा नव्हे, वस्तूचा. एखादी वस्तू कातडीला पुन्हापुन्हा लागते. एखाद्याचं शरीर तिला शत्रू म्हणून ओळखून ठेवतं. मग पुढच्या वेळी ती नुसती लागली तरी एक-दोन-तीन दिवसांत अंग उठतं. ही ओळख बहुतेक जन्मभर पुसली जात नाही. मात्र ती त्या एकाच शरीरापुरती. रोग या अंगावरून त्या अंगावर जात नाही. आत्याच्या ताटलीत जेवून कुणाला काही झालं नसतं. तिच्या कुशीत झोपणाऱ्या तिच्या पोराला कधी काही झालं नाही. हे वस्तीला दिसत होतं, तरी ताटली वेगळीच राहिली.

अशा रोगाची आपल्या लोकांना ओळख नव्हती असंही नाही. चांगली ओळख होती, पण ती दुसऱ्या झाडाची. बिब्याची. बिबा म्हणजे भिलावा. त्याच्या काळ्या चकचकीत फळाच्या सालीत जळजळीत चीक असतो. तो अंगाला लागला की फोड येतात, सूज चढते, काहींना तर तोंड ओळखू येत नाही इतकी. त्याला मराठीत म्हणतात ‘बिबा उतला’. दूध उतू जातं तसं कातडं उतू जातं. एवढा नेमका शब्द कुठल्या पंडितानं बसून केला नाही, तो बिबे वेचणाऱ्यांनी आणि फोडणाऱ्यांनी केला. त्याचा उताराही त्यांनीच शोधला. नुसत्या पाण्यानं बिब्याचा चीक निघत नाही, तेलात विरघळतो. म्हणून खोबरेल किंवा तिळाचं तेल चोळून तो पुसून काढायचा. वर लोणी, तूप. खायला खोबरं आणि तीळ. कुठं चिंचेचा पाला, कुठं कोथिंबिरीचा रस. शिवाय एक गोष्ट सगळ्यांना माहीत होती. एखाद्याला बिबा जन्मात उतत नाही आणि एखाद्याला नुसता धूर लागला तरी उततो. त्या माणसाला कुणी वाळीत टाकत नव्हतं. ‘त्याला बिबा सोसत नाही’ एवढंच म्हणायचे आणि बिब्याच्या कामाला दुसरा माणूस घ्यायचे. आता पोथ्यांकडं बघा. चरकसंहितेत भल्लातक रसायन आहे, त्याचे गुण आहेत, तो तूप-दुधाबरोबर कसा घ्यायचा तेही आहे. विदर्भ-मराठवाड्यात बिबे फोडून आतली गोडंबी काढता काढता ज्या बायांचे हात काळे पडतात त्या कुठल्याच पोथीत नाहीत.

बिब्याची आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. परीट लोक बिब्याच्या रसानं कपड्यावर खूण करायचे, वर चुना लावला की ती काळी पक्की, जन्मात न निघणारी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन फौज आसामात उतरली. शिपायांचे कपडे धुवायला बाहेर जाऊ लागले आणि शिपायांच्या मानेवर, कमरेवर, जिथं खूण तिथं फोड उठायला लागले. तिथल्या अमेरिकन इस्पितळातल्या डॉक्टरांनी ते शोधून काढलं आणि १९४३ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापलं. शोध चोख होता. खूण कापून टाका, रोग बरा. पण नाव काय दिलं? ‘धोबी मार्क डर्मटायटिस’. त्याच्या आधीपासून इंग्रजांनी जांघेतल्या नायट्याला ‘धोबी इच’ म्हणून ठेवलं होतंच. नायटा बुरशीचा, खूण बिब्याची, पण दोन्हीकडं नाव धोब्याचं. मळ ज्याचा त्याचं नाव कुठंच नाही. तो धुणाऱ्याचं नाव मात्र वैद्यकाच्या पुस्तकात गेलं. आपल्याला ही रीत अनोळखी नाही.

तर बिब्याला उतारा होता, कारण बिबा इथलाच होता. त्याच्याबरोबर माणसं कित्येक पिढ्या राहिली होती. आत्याला जे उतलं ते झाड तिच्या आईनं पाहिलेलं नव्हतं.

ते म्हणजे गाजरगवत. पान गाजरासारखं, फूल पांढरं बारीक. कुणी चटकचांदणी म्हणतं, कुणी काँग्रेस गवत. मूळचं ते अमेरिका खंडातलं, मेक्सिकोच्या आखाताकडच्या मुलखातलं. शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. आर. एस. राव यांनी पुण्यात सापडलेल्या या झाडाची नोंद १९५६ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापली, भारतातली नवी वनस्पती म्हणून. १९५६ म्हटलं की आपल्याला काय आठवतं ते सांगायला नको. त्याच साली हेही आलं, निदान कागदावर.

ते कसं आलं याची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. अमेरिकेनं पीएल ४८० खाली गहू दिला, गव्हात बी होतं, बी मालधक्क्यावर सांडलं. आपण भाषणात हे फार ठोकून सांगतो. मीही सांगत होतो. पण तारखा बघितल्यावर जरा थांबावं लागतं. पीएल ४८० चा भारताशी पहिला करार झाला १९५६ च्या ऑगस्टमध्ये. पुण्यात हे झाड त्याआधीच उगवलेलं होतं. अमेरिकेचा कर्जाऊ गहू १९५१ सालीही आला होता, तेव्हा बी त्यातूनही आलं असेल. शिवाय वनस्पतीशास्त्रज्ञांनी पुढं असंही दाखवलं की १८१४ साली छापलेल्या कलकत्त्याच्या सरकारी बागेच्या यादीत या झाडाचं नाव आहे. म्हणजे एखाद-दुसरं रोप देशात पूर्वीही असावं. अमेरिकेला शिव्या द्यायला माझी हरकत नाही, कारणं पुष्कळ आहेत, पण तारखेच्या आधारानं द्याव्या. पक्कं आहे ते एवढंच. १९५६ नंतर परदेशी धान्य लोटत राहिलं, १९६६ या एका सालात एक कोटी टनांच्या वर आलं, आणि त्याच वर्षांत हे गवत देशभर पसरलं. काँग्रेस हे नाव टोपीसारख्या पांढऱ्या फुलावरून पडलं की सरकारवरून, याच्यावर पारावर अजून वाद होतात.

गवत कुठं वाढतं ते बघा. रानात पीक जोरात असेल तिथं ते दबून राहतं. उकरलेल्या, उघड्या, बेवारस जमिनीवर ते माजतं. रस्त्याच्या कडा, रुळांच्या कडा, कालव्याचे भराव, पडीक रानं, उकिरडे. एका झाडाला पंधरा ते पंचवीस हजार बिया. आता आपल्या वस्त्या कुठं असतात ते आठवा. गावाच्या कडेला, नाल्याच्या कडेला, रुळांच्या कडेला. गवताला जात कळत नाही. त्याला पडीक जमीन कळते, आणि पडीक जमिनीवर कोण राहतं ते गावानं आधीच ठरवून ठेवलेलं असतं.

पुण्यात दवाखान्यांमध्ये विचित्र रोगी यायला लागले होते. चेहरा, मान, हात, उघडं राहणारं सगळं अंग भाजल्यासारखं. डॉ. लोणकर आणि डॉ. जोग यांनी ही साथ या गवताची आहे असं ओळखून १९७२ साली छापलं. लक्षात घ्या, साथ. पण जंतूची नव्हे, झाडाची. १९७४ साली लोणकरांनी व्हँकूवरचे मिचेल आणि लंडनचे कॅल्नन यांच्याबरोबर मोठा निबंध लिहिला. १९७५ साली शेजारच्या कर्नाटकानं हे गवत कायद्यानं घातक तण म्हणून जाहीर केलं. १९७६ साली लोणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गवतातल्या नेमक्या कुठल्या द्रव्यानं अंग उठतं यावर लिहिलं. त्या द्रव्याचं नाव पार्थेनिन. ते पानांवरच्या, फुलांवरच्या बारीक लवेत असतं. लव वाळून धुळीबरोबर उडते. म्हणून गवत उपटलं नाही, त्याला हातही लावला नाही, तरी वाऱ्यानं येऊन ते पापणीवर बसतं. वाळलेलं गवतही सोडत नाही. ऊन लागलं की आणखी भडकतं.

हे ओळखायची रीत जुनीच आहे. जोसेफ याडासोन या जर्मन डॉक्टरनं १८९५ साली ती मांडली. संशय असलेली वस्तू थोडीशी पाठीला चिकटवायची, दोन दिवस ठेवायची, काढून बघायचं. तिथंच लाल फोड आला तर चोर सापडला. तिला पॅच टेस्ट म्हणतात. १९७५ साली चुलत्यानं आत्याला पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं. मी बरोबर होतो. पाठीवर पट्ट्या लावल्या. दोन रात्री आम्ही फुटपाथवर काढल्या, आत्या पालथी झोपून. पट्ट्या काढल्या तेव्हा एका जागी टचटचीत फोड होता. डॉक्टर तरुण होते. त्यांनी तिला सांगितलं, ‘‘बाई, हा महारोग नाही. गाजरगवताचा दाह आहे. कुणाला लागत नाही.’’

आत्या बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, ‘‘म्हंजी माझ्यात काय न्हाई. गवत उतलं.’’

बिब्याचा शब्द तिनं तिथल्या तिथं गवताला लावला. वस्तीत परत आल्यावर तिनं हाच शब्द घरोघर सांगितला. संपर्कजन्य त्वचादाह कुणाला समजला नसता. ‘गवत उतलं’ म्हातारीपासून पोरापर्यंत सगळ्यांना समजलं, कारण बिबा उतलेला माणूस वाळीत टाकायचा नसतो हे सगळ्यांना माहीत होतं. ताटली परत एक व्हायला तरी सहा महिने गेले. भीती शब्दाइतकी लवकर जात नाही.

तो केसपेपर अजून माझ्याकडं आहे. त्यावर ‘व्यवसाय’ या शब्दापुढं लिहिलंय : घरकाम. बारा-बारा तास दुसऱ्याच्या रानात खुरपणाऱ्या बाईचा व्यवसाय घरकाम. आता मला वैद्यकातली एक गोष्ट खटकते ती सांगतो. या रोगाच्या छापलेल्या नोंदींमध्ये पुरुष खूप आणि बाया फारच थोड्या दिसतात. त्याला शरीराची काही कारणं असतीलही, डॉक्टर लोक ती शोधोत. पण तण बाया काढतात, पुरुष नांगर धरतो, हे ज्याला माहीत आहे त्यानं आणखी एक प्रश्न विचारावा : दवाखान्यापर्यंत कोण पोचलं? आणि पोचल्यावर कागदावर काय लिहिलं गेलं?

डॉक्टरांनी मलम दिलं, गोळ्या दिल्या. हायड्रोकॉर्टिसोनचं मलम कातडीवर चालतं हे अमेरिकेत १९५२ साली दाखवलं गेलं. त्यानंतर त्याच जातीची जोरदार मलमं आली. पुढं दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतल्या त्वचारोगतज्ज्ञांनी या गवताच्या जुनाट रोग्यांना अॅझाथायोप्रिनच्या गोळ्या देऊन चांगला गुण आणला, पण त्या गोळ्यांवर असताना रक्त तपासत राहावं लागतं. मुख्य उपाय डॉक्टरांनी शेवटी सांगितला. ‘‘गवतापासून लांब राहा.’’ आत्या म्हणाली, ‘‘सायेब, मग तुमीच सांगा कुठल्या रानात खुरपू.’’ त्यावर त्यांच्याकडं उत्तर नव्हतं. ते खोटं बोलले नाहीत, गप्प बसले. मला तो माणूस त्यामुळंच आवडला.

मलम महिन्यात संपलं. मग आत्यानं स्वतःच औषध शोधायला सुरुवात केली. मी ते सगळं जवळून बघितलंय. देवऋष्यानं अंगारा दिला, गुण शून्य. वैदूनं एक पाला वाटून लावायला दिला, त्यानं वर दुसरे फोड आले. कुणी सांगितलं लसूण चोळ, कुणी रुईचा चीक लाव. दोन्हींनी कातडं जळलं. गावठी म्हणजे निर्धोक असं नव्हे हे तिथं शिकलो. बाजारातल्या बिनपदवीच्या डॉक्टरनं एक ट्यूब दिली. तिनं आठ दिवसांत चेहरा लखलखीत झाला. तीन महिन्यांत कातडं कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ, लालबुंद, आणि ट्यूब बंद केली की दुप्पट भडका. ती जोरदार स्टिरॉइडची ट्यूब होती. अशी मलमं पुढं गोरं होण्यासाठीसुद्धा खपली. सरकारनं २०१८ साली अशा चौदा स्टिरॉइड मलमांना डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. कागदावर घातली. तुमच्या गावातल्या दुकानात जाऊन एकदा मागून बघा.

कडुलिंबाच्या पाल्यानं उकळलेलं पाणी गार करून अंग धुतलं की तिला रात्रीपुरतं बरं वाटायचं. ओल्या गार फडक्याच्या घड्यांनी पापण्यांची सूज उतरायची. सगळ्यात उपयोगी गोष्ट तिला चुकत चुकत सापडली. बिब्याच्या सवयीनं ती रानात जाताना खोबरेल चोळून जायची. त्या दिवशी अंग जास्त उठायचं. तेलकट अंगाला धूळ चिकटते, आणि धुळीतच गवताची लव. बिब्याचा उतारा गवताला उलटा पडला. मग तिनं क्रम फिरवला. जाताना कोरडं अंग, पूर्ण हाताचं पोलकं, तोंडाला सुती फडकं. परतताना विहिरीवरच हात-तोंड भरपूर पाण्यानं धुवायचं. घरात शिरायच्या आधी लुगडं बदलायचं. मग अंघोळ, आणि मग तेल. कामाचं लुगडं बाहेर बाभळीवर वेगळं, घरातल्या कपड्यांत धुवायचं नाही. रोग गेला नाही, पण अर्ध्यावर आला. झोप लागायला लागली. डॉक्टर सांगतात तेही यापेक्षा फार वेगळं नाही. फक्त त्यांनी ते आधी सांगितलं नव्हतं. तिलाही कुणी विचारलं नव्हतं.

एवढं झाल्यावर गावात मोहीम आली. गाजरगवत निर्मूलन. शाळेच्या पोरांचं श्रमदान झालं, फोटो झाला, गवत तसंच. मग रस्त्याकडेचं गवत उपटायला रोजानं माणसं लावली. कुठली माणसं लावली असतील ते तुम्ही ओळखलंच. हातमोजे नाहीत, साबण नाही, उपटा आणि ढीग करा. आमच्या वस्तीतल्या आणखी दोघांना त्यानंतर उतलं. ज्यांना नव्हतं त्यांना रोग लावून देणारी ती रोगनिवारण मोहीम होती.

खरा मार लागला तो दुसऱ्याच दोन गोष्टींनी. मेक्सिकोतून १९८३ साली या गवतावर जगणारा एक भुंगा आणला. झायगोग्रामा बायकोलोराटा. १९८४ साली बंगळूरला तो सोडला, तिथून पसरत गेला. पावसाळ्यात तो पानं खाऊन गवताचे खराटे करतो. उन्हाळ्यात जमिनीत दडून बसतो, तेव्हा सगळं त्याच्यावर सोडता येत नाही. दुसरी गोष्ट टाकळा, ज्याला तरोटाही म्हणतात. पावसाच्या सुरुवातीला आपण त्याची कोवळी भाजी खातो. त्याचं बी आपले लोक नायट्यावर वाटून लावत आले. टाकळा दाट उगवला की गाजरगवताला उजेड मिळत नाही आणि ते दबतं. कातडीच्या एका रोगावरचं गावठी औषध दुसऱ्या रोगाच्या झाडाशी रानात भांडतं. पुस्तकी वैद्याला हे जमलं नसतं.

आत्याचा थोरला १९८० नंतर पुण्यात बिगारी झाला. त्याचे हात सिमेंटनं फुटले. गवंड्यांचे हात फुटतात ते नुसत्या चुनखडीनं नव्हे, सिमेंटातल्या क्रोमियमनंही फुटतात, हे युरोपात १९५० साली कळलं होतं. क्रोम देऊन कमावलेल्या चामड्यातही तेच द्रव्य अंगाशी येतं. डेन्मार्कनं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला काय केलं, तर सिमेंटच्या गोणीतच फेरस सल्फेट मिसळायला लावलं. फेरस सल्फेट म्हणजे आपला हिराकस. त्यानं क्रोमियमचा डंख मोडतो. पुढं २००५ पासून सगळ्या युरोपीय संघात तशी मर्यादा आली. मलम मजुराच्या हाताला नाही लावलं, सिमेंटला लावलं. आत्याचा थोरला मात्र तेव्हा रॉकेलनं हात धूत होता. सगळेच धूत होते. रॉकेलनं भेगा आणखी वाढतात.

आता कामाचं. वस्तीत कुणाचं अंग असं उठलं तर आधी विचारा : कुठं उठलं, कधी उठलं, काम काय, कामाच्या जागी काय काय हाताळतो, काम सुटलं की उतरतं का. हातावर सिमेंट, पायावर रबरी चपलेचा पट्टा, कपाळावर टिकली, पापण्या-मानेवर गवत. रोगाची जागा बहुतेक वेळा चोर दाखवते. गवत उतणाऱ्याला शेवंती आणि सूर्यफूलही सोसत नाही असं होतं, तेव्हा हाराचं काम करणाऱ्यांना तेही विचारा. फोड फोडू नका. लसूण, चीक, बिबा, रॉकेल लावू देऊ नका. चेहरा सुजून डोळे मिटले, पू झाला, ताप आला तर थांबू नका, दवाखाना गाठा. मोठ्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोगाचा विभाग असतो, तिथं पॅच टेस्ट होते का ते जाऊन विचारा. बधिर चट्टा असेल, तिथं टोचलेलं कळत नसेल, तर ते गवत नव्हे, महारोगाची तपासणी करून घ्या. त्यावरही आज पूर्ण बरं करणारं औषध आहे आणि ते फुकट मिळतं, तेव्हा त्याचीही ताटली वेगळी करायचं कारण नाही. केसपेपर हातात पडला की व्यवसायापुढं काय लिहिलंय ते वाचा. चुकीचं असेल तर तिथंच उभं राहून दुरुस्त करून घ्या. खुरपणारीला खुरपणारी लिहायला लावा.

आणि गवत उपटायचंच असेल तर हातमोजे आणि साबण आधी मागा, मगच वाका. ज्याला एकदा उतलंय त्यानं त्या कामाला जायचंच नाही. आश्विन-कार्तिकात टाकळ्याच्या शेंगा वाळतात. त्यांचं बी धरून ठेवा आणि मृगाच्या आधी वस्तीच्या कडेनं, रस्त्याच्या कडेनं फेका. गाजरगवत पहिल्या पावसानंतर चार पानांचं असतं, माती मऊ असते, फूल आलेलं नसतं. तेव्हा ते मुळासकट येतं.